फोर्कवाला टेस्टर की क्लॅम्प मीटर: रोज पॅनेलमध्ये हात घालणारीचं मत

मी देखभालीच्या कामातली इलेक्ट्रिशियन आहे. पंपाचं पॅनेल, एसीचं बाहेरचं युनिट, मजल्यावरचा डीबी (वितरण पेटी), जनरेटरचा चेंजओव्हर स्विच. तक्रार कसलीही असो, झाकण उघडलं की पहिले दोन प्रश्न ठरलेले. व्होल्टेज येतंय का, आणि लोड किती अँपिअर घेतोय. पुढचं सगळं निदान या दोन आकड्यांवर उभं राहतं. म्हणून हे आकडे ज्या साधनानं घ्यायचे ते निवडताना मी चोखंदळ आहे, आणि नव्यानं कामाला लागलेली मुलं-मुली विचारतात तेव्हा हातचं न राखता सांगते. इथं तेच जरा सविस्तर लिहिते.

माझ्या पट्ट्याला असतो तो फ्लूकचा टी५-६००. मूठभर जाडीचं अंग, वरच्या टोकाला दोन शिंगांचा उघडा फोर्क, खालून निघणारी लाल-काळी लीड, आणि पाठीमागे दोन्ही प्रोब अडकवायच्या खाचा. व्होल्टेज एसी आणि डीसी ६०० पर्यंत, रेझिस्टन्स १००० ओमपर्यंत, कंटिन्यूइटीला (वायर अखंड आहे का हे बघायला) बझर, आणि फोर्कमधून एसी करंट १०० अँपिअरपर्यंत. त्याचा भाऊ टी५-१००० हा तसाच, फक्त १००० व्होल्टचा. यात कपॅसिटन्स नाही, तापमान नाही, डायोड नाही, अँपिअरचं सॉकेट नाही.

निकाल आधीच सांगते. पक्क्या वायरिंगवर, पॅनेलवर, मोटारींवर ज्यांचा दिवस जातो त्यांच्यासाठी असा फोर्कवाला टेस्टर हे पहिलं साधन असावं, आणि मल्टिमीटर दुसरं. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात, कारण दुकानात उभं राहिल्यावर डायलवरच्या खुणा मोजल्या जातात. ज्याच्या डायलवर जास्त खुणा, तो जास्त चांगला असं वाटतं. पॅनेलमध्ये मात्र मोजावी लागते ती तुमच्या हाताला मिळणारी जागा, आणि तुमचे हात किती वेळ जिवंत टर्मिनलांजवळ राहतात ते.

उदाहरण देते. साडेसात किलोवॉटची तीन फेज पंपमोटार. तक्रार अशी की ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटार बंद करणारा) अधूनमधून पडतो, दाबला की पुन्हा चालतो. रिलेखालून निघणाऱ्या तीन वायरी एकमेकींना चिकटून, खाली वळून ट्रेमध्ये गेलेल्या असतात. क्लॅम्प मीटरचा (वायरीभोवती जबडा मिटवून करंट मोजणाऱ्या मीटरचा) जबडा तिथं उघडायचा म्हणजे आधी वायर बोटानं पुढे ओढायची, मग जबडा तिच्यामागून घालायचा, आणि तो नीट मिटला का हे वाकून बघायचं. फोर्क समोरून सरकवला की वायर त्याच्या तळाशी जाऊन बसते. एक हात पुरतो, दुसरा पॅनेलच्या बाहेर. तीन वायरी, तीन रीडिंग: १४.६, १४.४, १२.९. पाटीवरचा फुल लोड करंट साडेचौदाच्या आसपास. म्हणजे मोटार ओव्हरलोड नाही, पण एक फेज कमी घेतेय आणि बाकीच्या दोन त्याची भरपाई करतायत.

आता त्याच हातात, त्याच टेस्टरच्या पाठीमागच्या खाचेतल्या प्रोब घ्यायच्या आणि काँटॅक्टरच्या (मोटारीचा सप्लाय जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) एकेका पोलवर वरच्या टर्मिनलपासून खालच्या टर्मिनलपर्यंत व्होल्टेज बघायचं. पोल मिटलेला असताना तिथं जवळजवळ शून्य यायला हवं. दोन पोलांवर शून्य, तिसऱ्यावर ६ व्होल्ट. ६ व्होल्ट गुणिले १२.९ अँपिअर म्हणजे सुमारे ७७ वॅट उष्णता एका काँटॅक्टच्या टिकलीवर तयार होतेय. झाकण काढल्यावर त्या पोलाभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी झालेलं दिसतं, टिकली खड्डे पडून काळी झालेली असते. व्होल्टेजमधला असमतोल छोटा असला तरी मोटारीच्या करंटमधला असमतोल टक्केवारीत त्याच्या सहा ते दहा पट होऊ शकतो, हे मोटारीचं काम करणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं. इथं मोटार ठीक, रिले ठीक, दोष काँटॅक्टरमध्ये. नुसत्या करंटवरून हे कळलं नसतं, नुसत्या व्होल्टेजवरूनही नाही. दोन्ही आकडे एकाच साधनातून, प्रोब सॉकेटातून न काढता, मिनिटभरात मिळाले म्हणून कळलं.

प्रोब सॉकेटातून न काढता, यावर मी मुद्दाम भर देते. साध्या मल्टिमीटरनं करंट मोजायचा तर सर्किट तोडून मीटर मधे घालावा लागतो आणि लाल लीड अँपिअरच्या सॉकेटात टाकावी लागते. त्या सॉकेटातून मीटरचा रेझिस्टन्स नगण्य असतो, तो तसाच असायला हवा. पण काम संपल्यावर लीड तिथंच राहिली आणि पुढच्या पॅनेलवर कोणी ती फेज आणि न्यूट्रलला लावली, तर मीटरमधून सरळ शॉर्ट होतो. मग आतला फ्यूज काय प्रतीचा आहे यावर सगळं अवलंबून. चांगल्या मीटरमध्ये १००० व्होल्टचा, वाळू भरलेला एचआरसी (मोठा शॉर्टही तोडू शकणारा) फ्यूज असतो आणि तो शांतपणे तुटतो. स्वस्त मीटरमध्ये २५० व्होल्टची काचेची नळी असते आणि तिच्यात आर्क (विजेची ज्योत) तसाच जळत राहू शकतो. फोर्कवाल्या टेस्टरला अँपिअरचं सॉकेटच नाही, त्यामुळे ही चूक त्याच्यावर करताच येत नाही. शिकाऊ मुलांच्या हातात मी हाच देते, त्याचं सर्वांत मोठं कारण हे.

जाता जाता एक गोष्ट. १९२३ साली ब्रिटिश पोस्ट ऑफिसातल्या डोनाल्ड मॅकाडी नावाच्या अभियंत्याला टेलिफोनच्या लाइनींसाठी वेगवेगळी मीटरं वागवायचा कंटाळा आला, आणि त्यानं अँपिअर, व्होल्ट आणि ओम एकाच पेटीत बसवले. तोच आव्हो मीटर. शंभर वर्षांनीही आपली मागणी तीच आहे, फक्त आता ती एका हातात मावायला हवी.

आता टी५ च्या मर्यादा, कारण त्या माहीत नसतील तर साधन चांगलं असूनही निष्कर्ष चुकतो.

करंटची अचूकता ३ टक्के अधिक ३ अंक, आणि शेवटचा अंक ०.१ अँपिअरचा. म्हणजे १४ अँपिअरला चूक सुमारे ०.७ अँपिअरपर्यंत असू शकते. वरच्या पंपाच्या उदाहरणात मी त्या आकड्यांवर विसंबले, कारण एकाच टेस्टरनं, एकाच जागी, वायर फोर्कमध्ये सारखीच बसवून घेतलेल्या तीन रीडिंगची तुलना होती. तिन्हींमधली चूक साधारण एकाच बाजूची असते. पण अर्ध्या अँपिअरच्या लोडवर हेच गणित करून बघा. नुसते ३ अंकच ०.३ अँपिअर होतात. म्हणजे स्क्रीनवरचा ०.५ हा आकडा ०.२ असू शकतो किंवा ०.८. अँपिअरभराच्या खालचं काही मोजायचं असेल तर फोर्क बाजूला ठेवावा. लोडची वायर लवचिक आणि लांब असेल तर ती फोर्कमधून दोन-तीन वेळा फिरवून येणारा आकडा तितक्यानं भागायची जुनी युक्ती चालते, पण १२.९ मिलिमीटरच्या फोर्कमध्ये जाड वायरीचे वेढे मावत नाहीत.

ती १२.९ मिलिमीटरची रुंदी हीच दुसरी मर्यादा. इन्सुलेशनसकट वायर त्यात जायला हवी. मजल्यावरच्या डीबीला, छोट्या-मध्यम मोटारींना ती पुरते. मुख्य पॅनेलच्या इनकमरच्या (सप्लाय आत आणणाऱ्या) केबलला नाही. तिथं मोठ्या जबड्याचा क्लॅम्प किंवा लवचिक दोरीसारखी रोगोव्स्की कॉइल लागते.

वायर फोर्कच्या तळाशी टेकलेली असली पाहिजे. क्लॅम्पचा जबडा वायरीभोवती पूर्ण मिटतो, म्हणून शेजारच्या वायरीचं चुंबकीय क्षेत्र तो बऱ्यापैकी बाहेर ठेवतो. फोर्क एका बाजूनं उघडा आहे. तोंडापाशी दुसरी भरलेली वायर चिकटली असेल तर तिचा परिणाम आकड्यावर दिसू शकतो. आकडा अनपेक्षित वाटला तर मी फोर्कची दिशा बदलून दुसऱ्या बाजूनं घालते. आकडा बराच बदलला, तर शेजारणीचा हात आहे असं धरायचं.

आणि फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम फोर्कमध्ये घातले तर शून्य येणार, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात. दोन्ही वायरी एका आवरणात असलेल्या केबलवर फोर्क लावून "लोडच घेत नाही" असा निष्कर्ष काढणारे अनुभवी लोकही मी पाहिलेत. वरचं आवरण सोलून एकच वायर वेगळी करावी लागते, किंवा प्लगवर चालणाऱ्या उपकरणासाठी लाइन स्प्लिटर (एक वायर वेगळी काढून देणारा जोड) वापरावा लागतो.

टी५ वर ट्रू आरएमएस (वेव्हचा आकार कसाही असो, खरा आकडा मोजणारा) लिहिलेलं नाही, याचा अर्थही समजून घ्या. साधा मीटर एसीची सरासरी काढतो आणि तिला १.११ नं गुणून दाखवतो. शुद्ध साइन वेव्ह असेल तर उत्तर बरोबर. हीटर, थेट सप्लायवर चालणारी मोटार, गीझर यांच्यासाठी काही अडचण नाही. पण एलईडी दिवे, संगणक, यूपीएस हे करंट साइनमध्ये घेत नाहीत. वेव्हच्या शेंड्यावर थोड्या वेळात टोकदार झटका घेतात. अशा लोडवर सरासरीवाला मीटर खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवू शकतो, आणि फरक ४० टक्क्यांपर्यंतही जातो. न्यूट्रल गरम का होतोय हे शोधताना खोटा कमी आकडा हातात आला तर दिवस वाया. ज्यांचं काम मुख्यतः कार्यालयांत, सर्व्हर रूममध्ये किंवा ड्राइव्हवर (मोटारीचा वेग बदलणाऱ्या उपकरणांवर) आहे, त्यांनी ट्रू आरएमएस असलेलंच साधन घ्यावं. ड्राइव्हच्या आउटपुटवर तर तेवढ्यानंही भागत नाही. तिथं लो-पास फिल्टर असलेला मीटर हवा, कारण आतल्या स्विचिंगमुळे व्होल्टेज खऱ्यापेक्षा जास्त दिसतं.

आता ज्या गोष्टीवर मी कोणतीही तडजोड मान्य करत नाही, तिच्याकडे येते: अंगावर छापलेली कॅटेगरी.

आयईसी ६१०१० या आंतरराष्ट्रीय मानकात मोजमापाच्या जागांची वर्गवारी आहे. सॉकेटात लावायची उपकरणं कॅट टू. डीबी, पक्कं वायरिंग, मोटारींची पॅनेलं कॅट थ्री. इमारतीत सप्लाय येतो ती जागा, वीजमीटरच्या आधीचा भाग, बाहेरच्या लाइनी कॅट फोर. पुष्कळांना वाटतं की ६०० व्होल्ट लिहिलंय म्हणजे ६०० व्होल्ट सोसेल, कॅटचा आकडा शोभेचा. तसं नाही. लाइनवर वीज पडली, मोठा लोड अचानक तुटला, कपॅसिटर बँक जोडली गेली की क्षणभरासाठी हजारो व्होल्टचा झटका येतो. मीटर तो सोसतो का, याची चाचणी त्या कॅटेगरीत होते. कॅट टू ६०० व्होल्टच्या मीटरला ४००० व्होल्टचा झटका १२ ओमच्या स्रोतातून देतात. कॅट थ्री ६०० व्होल्टच्या मीटरला ६००० व्होल्टचा, २ ओमच्या स्रोतातून. भागाकार करा: पहिल्यात जास्तीत जास्त ३३३ अँपिअर वाहू शकतो, दुसऱ्यात ३०००. व्होल्ट तेच छापलेले, पण झटक्यामागची ताकद नऊ पट. तुमच्या डीबीपाशी जो स्रोत आहे तो दुसऱ्या प्रकारचा आहे, पहिल्या नाही. मीटरच्या आत त्या झटक्यानं आर्क पेटला तर मागून येणारा नेहमीचा सप्लाय त्याला जळता ठेवतो, आणि मग मीटर हातात फुटतो.

टी५-६०० कॅट थ्री ६०० व्होल्ट आहे. मजल्यावरच्या डीबीला आणि मोटारीच्या पॅनेलला तो योग्य. वीजमीटरच्या आधीच्या भागात मी तो नेत नाही. तिथं कॅट फोर लागतं.

छापलेलं खरं आहे हे कसं ओळखायचं, हा प्रश्न रास्त आहे, कारण प्लॅस्टिकवर काहीही छापता येतं. मी चार ठिकाणी बघते. पहिलं, यूएल, सीएसए किंवा टीयूव्हीसारख्या स्वतंत्र प्रयोगशाळेची खूण आहे का. सीई ही खूण उत्पादकानं स्वतः जाहीर केलेली असते, तेवढ्यावर मी विसंबत नाही. दुसरं, मल्टिमीटर असेल तर मागचं झाकण उघडून फ्यूज. १००० व्होल्ट कॅट थ्री छापून आत काचेची बारीक नळी असेल, तर छपाई खोटी. तिसरं, बोर्डवर इनपुटच्या सॉकेटांजवळ संरक्षणाचे भाग खरंच बसवलेत, की त्यांची जागा रिकामी सोडलीय. आणि चौथं, लीड.

लीडकडे कोणी बघत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. मीटर कितीही चांगला असो, लीडची कॅटेगरी खालची असेल तर पूर्ण जोडीची कॅटेगरी खालची. प्रोबच्या टोकाचा उघडा धातू कॅट थ्री आणि कॅट फोरसाठी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. म्हणूनच चांगल्या प्रोबवर छोटी टोपी असते आणि टोपीसह एक कॅटेगरी, टोपीशिवाय खालची कॅटेगरी असं लिहिलेलं असतं. लांब उघडं टोक सॉकेटच्या भोकात जायला सोयीचं पडतं, पण पॅनेलमध्ये तेच टोक घसरून दोन शेजारच्या टर्मिनलांना एकदम टेकलं तर फेज-फेज शॉर्ट. टोपी हरवली म्हणून तसंच काम करणाऱ्याला मी थांबवते, मग तो माझ्यापेक्षा वयानं कितीही मोठा असो.

आता नवा भाऊ. फ्लूकनं २०१७ मध्ये टी६ आणला, आणि त्यातली फील्डसेन्स ही सोय मला खरोखर महत्त्वाची वाटते. टी६-१००० मध्ये फोर्कमध्ये वायर घातली की करंटच नाही, एसी व्होल्टेजही दिसतं, तेही आकड्यात, दोन्ही एकदम, आणि इन्सुलेशनला कुठंही न टोचता. टेस्टर स्वतःचा एक ठरलेला सिग्नल त्या वायरीत इन्सुलेशनमधून जोडतो. तो सिग्नल किती पोचला यावरून वायर आणि फोर्कमधला कपॅसिटन्स कळतो, आणि मग वायरीवरचं खरं व्होल्टेज काढता येतं. इन्सुलेशन जाड की पातळ याचा हिशोब आपोआप होतो. फोर्कही मोठा, १७.८ मिलिमीटरचा, आणि करंट २०० अँपिअरपर्यंत. टर्मिनलवर झाकण आहे, ते काढायला सप्लाय बंद करावा लागेल आणि बंद करता येत नाही, अशा जागी हे वरदान आहे.

पण फील्डसेन्सला पृथ्वीचा संदर्भ लागतो, आणि तो तुमच्या हातातून आणि अंगातून घेतला जातो. तुम्ही रबरी हातमोजे घालून फायबरच्या शिडीवर उभ्या असाल तर तो संदर्भ कच्चा पडतो. तेव्हा काळी लीड अर्थला लावावी लागते. दुसरं म्हणजे ते एका वायरीचं अर्थशी असलेलं व्होल्टेज दाखवतं. दोन फेजमधलं व्होल्टेज हवं असेल तर प्रोब लावाव्याच लागतात. १६ व्होल्टच्या खाली ते दाखवत नाही, डीसीवर चालत नाही, आणि वायरीवर धातूची जाळी किंवा आर्मर असेल तर आतलं काही कळत नाही. अचूकता ३ टक्के अधिक ३ अंक, म्हणजे २३० व्होल्टला इकडे-तिकडे १० व्होल्ट. फेज आली की नाही, भलतीच कमी आहे का, हे सांगायला भरपूर. व्होल्टेज नियमात आहे का, असा वाद असेल तेव्हा नाही.

आणि काँटॅक्टरवरचे ते ६ व्होल्ट? ते फील्डसेन्सनं कधीच सापडले नसते. त्यासाठी प्रोबच हव्यात. म्हणून टी६ घेणाऱ्यांना माझी विनंती आहे की फोर्कच्या सोयीनं प्रोब वापरणं सोडू नका.

टी५ आणि टी६ मधून एक घ्यायचा तर? अंधाऱ्या जागी, उंचावर, झाकलेल्या टर्मिनलांवर काम असेल तर टी६-१०००. त्याच्या स्क्रीनला दिवाही आहे, जो टी५ ला नाही. मोकळी पॅनेलं, मोटारी, डीबी असं काम असेल तर टी५ पुरेसा आहे आणि त्यात बिघडायला, विसरायला फारसं काही नाही. दोन पेन्सिल सेल घातले की झालं.

निऑनच्या स्क्रूड्रायव्हरबद्दलही लिहायला हवं, कारण प्रत्येकाच्या खिशात तोच असतो. त्यात एक मोठा रेझिस्टर आणि निऑनचा दिवा असतो आणि तुमच्या अंगातून करंट जमिनीत गेला की तो पेटतो. तो पेटला तर फेज आहे एवढंच कळतं. किती आहे, न्यूट्रल शाबूत आहे का, यातलं काही नाही. न पेटला तर काहीच कळत नाही: कदाचित सप्लाय नाही, कदाचित तुम्ही कोरड्या लाकडी शिडीवर आहात, कदाचित उन्हात तो मंद उजेड दिसलाच नाही. न्यूट्रल तुटलेला असताना लोडमधून परत आलेली फेज त्याला दोन्ही भोकांत पेटवते आणि नवखा माणूस चक्रावतो. आवाज करणारे पेनसारखे बिनस्पर्शाचे टेस्टर याहून सोयीचे, पण शेजारच्या वायरीवरूनही वाजतात, आर्मरमधल्या वायरीवर गप्प राहतात आणि डीसी त्यांना दिसत नाही. भिंतीत कोणत्या बाजूला फेज आहे याचा अंदाज घ्यायला मी पेन वापरते. हात लावायचा निर्णय त्याच्यावर घेत नाही.

तो निर्णय टी५ वरही एकट्यावर घेत नाही. सप्लाय बंद आहे हे सिद्ध करायला माझ्याकडे वेगळा दोन प्रोबवाला व्होल्टेज टेस्टर असतो, आयईसी ६१२४३-३ मानकाचा. त्यात एलईडीची शिडी असते, बॅटरी संपली तरी धोक्याचं व्होल्टेज दाखवायची सोय असते, आणि बटण दाबून लोड घालता येतो. तो लोड फार कामाचा आहे. डिजिटल मल्टिमीटरचा इनपुट रेझिस्टन्स सहसा १० मेगाओम असतो. पाइपात बाजूला भरलेली वायर असेल तर सुट्या, कुठंही न जोडलेल्या वायरीवरही तो ६०-८० व्होल्ट दाखवतो. हे कपॅसिटन्समधून आलेलं पोकळ व्होल्टेज. त्यात दम नसतो. काही हजार ओमचा लोड लागला की ते कोसळून शून्यावर येतं. खरी फेज असेल तर जागची हलत नाही. काही मल्टिमीटरांत यासाठीच लो-झेड (कमी इनपुट रेझिस्टन्सचं) असं स्थान असतं. ते असेल तर घरगुती वायरिंगचा दोष शोधताना मी आधी तिथंच डायल फिरवते.

आणि पद्धत एकच. आधी चालू असल्याचं माहीत असलेल्या जागी टेस्टर लावून तो दाखवतो हे बघायचं, मग बंद केलेल्या जागी सगळ्या जोड्या तपासायच्या: फेज-फेज, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. मग पुन्हा चालू जागी. तिसरी पायरी लोक गाळतात. मधल्या तपासणीच्या वेळीच लीडची तार आतून तुटली असेल तर ते फक्त तिसऱ्या पायरीत कळतं.

फोर्कनं न होणारी कामं उरली. लीकेज (अर्थकडे झिरपणारा करंट) शोधायचं असेल तर ०.१ अँपिअरचा शेवटचा अंक उपयोगाचा नाही. आरसीसीबी (लीकेज झालं की सप्लाय तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरला पडते, म्हणजे ०.०३ अँपिअर. फेज-न्यूट्रल एकत्र पकडून फरक मोजणारा वेगळा लीकेज क्लॅम्पच लागतो. मोटार सुरू होताना फुल लोडच्या सहा-सात पट करंट क्षणभर जातो, तो पकडायला इनरश असलेला क्लॅम्प हवा. साध्या स्क्रीनवर तो आकडा निसटतो.

डीसी करंट तर टी५ आणि टी६ दोन्ही मोजत नाहीत. त्यांचा फोर्क एसीसाठी आहे. डीसीला हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा) लागतो. फोर्कच्याच घाटात डीसी हवा असेल तर क्योरित्सूचा २३००आर एसी आणि डीसी दोन्ही १०० अँपिअरपर्यंत मोजतो, फक्त त्याच्या फोर्कमध्ये १० मिलिमीटरची वायर मावते. बॅटरी बँक, इन्व्हर्टर, सौर पॅनेल यांवर काम करणाऱ्यांनी सुरुवातीपासूनच डीसी मोजणारं साधन घ्यावं. मोजण्याआधी, वायरीपासून दूर धरून, झीरोचं बटण दाबावं. हॉल सेन्सर पृथ्वीचं आणि आसपासच्या लोखंडाचं क्षेत्रही पकडतो. आणि सौर पॅनेलांच्या मोठ्या मालिकेवर प्रोब लावायच्या आधी मीटरच्या आणि लीडच्या अंगावर डीसीचे किती व्होल्ट छापलेत ते वाचावं. उन्हात मोकळी असलेली मालिका १००० व्होल्टपर्यंत, मोठ्या प्रकल्पांत १५०० पर्यंत जाते, आणि ६०० व्होल्टच्या टेस्टरला तिथं काही काम नाही.